धान्याचें सत्त्व आणि घरांतील श्रम

शहरांतील कोणत्याहि सुखवस्तु घराच्या स्वयंपाकघरांत डोकावून पाहिलें, तर फळीवरील डब्यांतून बहुधा एकच रंग दिसतो. एका डब्यांत शुभ्र तांदूळ, दुसऱ्यांत साखर, तिसऱ्यांत मैदा, चौथ्यांत साबुदाणा, पांचव्यांत बारीक रवा. खालच्या फळीवर रंगीत वेष्टनांत बांधलेले बिस्किटांचे व शेवयांचे पुडे. या पदार्थांचीं मूळ रूपें पाहावयाचीं म्हटलीं, तर तीं तांबूस, पिंगट, खरखरीत अशीं असतात. तांदुळाच्या दाण्यावर तांबूस पापुद्रा असतो, गव्हाची साल पिंगट असते, उंसाच्या रसाचा गूळ काळसर होतो. हा मूळचा रंग घालवून टाकण्यांत मनुष्यानें गेल्या दीडशें वर्षांत मोठें कौशल्य खर्च केलें. त्या रंगाबरोबर धान्यांतून आणखी काय निघून गेलें, हा एक प्रश्न. आणि जें गेलें तें घरांत परत आणावयाचें झाल्यास त्याची किंमत कोणीं द्यावयाची, हा दुसरा प्रश्न. पहिल्या प्रश्नाविषयीं पुष्कळ बोललें जातें. दुसऱ्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. परंतु कित्येक घरांतील चांगले संकल्प मोडतात, ते या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेंच.

प्रथम धान्याची रचना लक्षांत घेतली पाहिजे. गव्हाचा दाणा म्हणजे वस्तुतः एक बीं होय. त्याच्या एका टोंकाशीं सूक्ष्म अंकुर असतो. हा अंकुर उगवून मूळ धरीपर्यंत त्यास पुरावा, एवढा पिष्टमय अन्नाचा सांठा त्याच्या शेजारीं असतो. आणि या दोहोंचें रक्षण करण्याकरितां बाहेरून सालीचे कित्येक थर असतात. या थरांनाच व्यवहारांत कोंडा म्हणतात. वजनाच्या दृष्टीनें पाहिल्यास दाण्याच्या १०० भागांपैकीं सुमारें ८३ भाग पिष्टाचे, १४ ते १५ भाग कोंड्याचे आणि अवघे २ ते ३ भाग अंकुराचे असतात. परंतु येथें वजन आणि महत्त्व यांचें प्रमाण उलटें आहे. ब गटांतील जीवनसत्त्वें, लोह, जस्त व मॅग्नेशियम यांसारखे क्षार, तंतुमय भाग आणि अंकुरांतील स्निग्धांश यांचा मोठा वाटा या थोडक्या भागांत सांठविलेला असतो. तो सर्व काढून टाकल्यावर जें पांढरें पीठ उरतें, त्याचें नांव मैदा.

कोंडा व अंकुर काढून टाकण्यामागें केवळ डोळ्यांची हौस नव्हती. व्यापाराची सोयहि होती. दगडी जात्यांत दाणा समूळ भरडला जातो आणि अंकुरांतील तेल पिठांत मिसळतें. असें पीठ फार दिवस ठेवलें म्हणजे खवट होतें. मैदा मात्र महिनोगणती टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हंगेरींत पोलादी रुळांच्या गिरण्या नांवारूपास आल्या व तेथून त्या इतर देशांत पसरल्या. या रुळांनीं अंकुर व कोंडा सहज वेगळा होऊं लागला. पीठ दूरच्या बंदरास जाऊं शकलें, वखारींत राहूं शकलें, दुकानदाराच्या फळीवर पडून राहिलें तरी बिघडेनासें झालें. भात सडण्याच्या यंत्रांनीं तांदुळाचीहि हीच गत केली. जें धान्य पूर्वी खाणाराच्या सोयीनें तयार होत असे, तें आतां सांठविणाराच्या सोयीनें तयार होऊं लागलें.

याचा परिणाम काय झाला, हें प्रथम जावा बेटांत स्पष्टपणें कळलें. त्या बेटावर त्या वेळीं डच लोकांचें राज्य होतें. सैनिकांत व कैद्यांत बेरीबेरी नांवाच्या रोगाचा मोठा प्रादुर्भाव होता. पाय लुळे पडत, अंगावर सूज येई, हृदय दुर्बळ होऊन माणूस दगावे. रोगाचें कारण शोधण्यासाठीं १८८६ सालीं हॉलंडहून एक मंडळ पाठविण्यांत आलें. त्या मंडळाबरोबर ख्रिस्तियान आयकमन नांवाचे तरुण डॉक्टर होते. जंतुशास्त्र हें त्या काळचें नवें शास्त्र; म्हणून बेरीबेरीचाहि एखादा जंतु सांपडेल, अशी सर्वांची समजूत होती. १८९० च्या सुमारास प्रयोगशाळेच्या आवारांतील कोंबड्याच एकाएकीं आजारी पडल्या. त्यांचे पाय लटपटूं लागले, माना मुरगळूं लागल्या. चौकशी केली असतां असें आढळलें, कीं काटकसर म्हणून कांहीं काळ त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरांतील उरलेला पांढरा भात घालण्यांत येत होता. पुढें तेथें नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना कां द्यावा, असें म्हणून त्यानें भात देण्याचें नाकारलें. कोंबड्यांना पूर्वींचा साधा, न घासलेला तांदूळ पुन्हा मिळूं लागला आणि त्या बऱ्या झाल्या. एका स्वयंपाक्याच्या चिकाटीनें शास्त्रास वाट सांपडली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हें माणसांच्या बाबतींतहि खरें आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं जावांतील आरोग्यखात्याचे अधिकारी फोर्डरमन यांनीं शंभराहून अधिक तुरुंगांची पाहणी केली. जेथें कैद्यांना पापुद्र्यासह तांदूळ मिळत होता, तेथें सुमारें दहा हजारांत एकास बेरीबेरी झालेली आढळली. जेथें पांढरा तांदूळ मिळत होता, तेथें सुमारें एकोणचाळीसांत एकास. पांढऱ्या तांदुळांत कांहीं तरी विष असावें, असा आयकमन यांचा तर्क होता. तो तर्क चुकीचा होता, हें त्यांचेच सहकारी ग्राइन्स यांनीं १९०१ सालीं दाखविलें. तांदुळांत विष शिरलें नव्हतें. त्यांतून आवश्यक असें कांहीं तरी निघून गेलें होतें. १९१२ सालीं फंक यांनीं अशा द्रव्यांना नांव दिलें. त्यांनाच मराठींत जीवनसत्त्वें म्हणतात. १९२६ सालीं जावांतच तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. १९३६ सालीं रॉबर्ट विल्यम्स यांनीं तें प्रयोगशाळेंत बनविलें. या शास्त्रज्ञाचा जन्म नेल्लोरचा. आयकमन यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मध्यंतरीं किती माणसें केवळ तांदुळाच्या शुभ्रतेपायीं दगावलीं, हें आठवलें म्हणजे मन विषण्ण होतें.

या कथेंत कोंकणच्या व गोमंतकाच्या माणसांनीं अभिमान धरावा, अशी एक गोष्ट आहे. मलायांतील कथिलाच्या खाणींत व मळ्यांत राबणाऱ्या चिनी मजुरांत बेरीबेरी फार होती. त्याच प्रदेशांतील तामिळ मजुरांत ती जवळजवळ नव्हती. दोघेहि भातच खात. अंतर एवढेंच होतें, कीं तामिळ मजुरांचा तांदूळ उकडा होता. भात तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला, म्हणजे वरच्या पापुद्र्यांतील जीवनसत्त्वाचा कांहीं अंश दाण्याच्या आंत मुरतो. मग सडतांना पापुद्रा गेला, तरी सर्वच जात नाहीं. सावंतवाडीकडील व गोमंतकांतील घरांतून उकडा तांदूळ आणि त्याची पेज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पेजेंत भाताचें पाणीहि पोटांत जातें, हा आणखी एक लाभ. कारण तांदूळ चोळचोळून धुतल्यानें आणि वेळलेलें पाणी ओतून दिल्यानें हें जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जातें. शहरांत आल्यावर पुष्कळांनीं पेज सोडली, कारण ती गरिबीची खूण वाटूं लागली. गरिबीची खूण म्हणून जें टाकलें, त्यांत शहाणपणाची पुंजीहि होती, हें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं.

भारतांतील आहारशास्त्राच्या संशोधनाचा आरंभहि याच रोगापासून झाला. १९१८ सालीं निलगिरींतील कून्नूर येथें पाश्चर संस्थेच्या एका खोलींत मॅक्कॅरिसन यांनीं बेरीबेरीच्या चौकशीचें काम सुरू केलें. त्या एका खोलीचें वाढत वाढत मोठ्या संस्थेंत रूपांतर झालें. १९५८ सालीं ती हैदराबादेस नेण्यांत आली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें ती ओळखली जाते. मॅक्कॅरिसन यांनीं उंदरांच्या निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या प्रांतांतील आहार घातला. कोंड्यासह गव्हाची पोळी, दूध, डाळ, भाजी असा पंजाबी धर्तीचा आहार ज्यांना मिळाला, ते उंदीर धष्टपुष्ट झाले. ज्यांचा भर सडलेल्या भातावर होता, त्यांची वाढ खुंटली. अर्थात् या फरकांत दुधाचा वाटाहि होताच. कोंडा हा कांहीं सर्व रोगांवरचा रामबाण उपाय नव्हे, हें येथेंच सांगून ठेवणें बरें.

आज शहरांतील सुस्थितींतल्या घरांत बेरीबेरी सहसा दिसत नाहीं. मग हा जुना इतिहास उगाळण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन असें, कीं रोग बदलला, पण चूक तीच राहिली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें या देशांत सुमारें १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारें १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचीं कारणें अनेक. अंगमेहनतीचा अभाव, वाढतें वजन, आनुवंशिकता हीं सर्व त्यांत येतात. परंतु ताटांतील पांढऱ्या पिष्टाचा वाटा त्यांतून वगळतां येत नाहीं. कोंड्याच्या तंतूंनीं पचनाची गति मंदावते व रक्तांतील साखर हळूहळू चढते. मैद्याला व घासलेल्या तांदुळाला हा लगाम उरलेला नसतो. २०१९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत १९५ देशांच्या आहाराचा आढावा प्रसिद्ध झाला. आहारांतील दोषांमुळें होणाऱ्या मृत्यूंचीं त्यांत जीं प्रमुख कारणें दिलीं आहेत, त्यांत मिठाचा अतिरेक, अखंड धान्याची उणीव आणि फळांची उणीव हीं तीन अग्रभागीं आहेत.

यांत आतां एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. पूर्वीची गिरणी धान्यांतून कांहीं काढून घेई. आजचा कारखाना तें काढून घेऊन शिवाय त्यांत साखर, मीठ, तेल, रंग व सुवास मिसळतो. अमेरिकेंत केव्हिन हॉल यांनीं याविषयीं एक प्रयोग केला, तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. वीस माणसांना एका संस्थेंत ठेवून दोन आठवडे कारखानी पदार्थ व दोन आठवडे साधे, ताजे शिजविलेले पदार्थ देण्यांत आले. दोन्ही प्रकारच्या ताटांत वाढलेली साखर, स्निग्धांश, तंतु व मीठ यांचें प्रमाण सारखें ठेवलें होतें आणि हवें तितकें खाण्याची मुभा होती. कारखानी पदार्थ खातांना माणसें दररोज सुमारें ५०० कॅलरी जास्त खाऊं लागलीं आणि दोन आठवड्यांत त्यांचें वजन सुमारें ९०० ग्रॅम वाढलें. साध्या अन्नावर तें जवळजवळ तितकेंच उतरलें. भूक शमली कीं नाहीं, हें सांगणारी शरीरांतील व्यवस्थाच अशा पदार्थांनीं फसते, असा याचा अर्थ दिसतो.

येथवर विज्ञानाची बाजू झाली. परंतु घर विज्ञानाच्या निबंधावर चालत नाहीं. तें कोणाच्या तरी हातांवर चालतें. धान्य कोंड्यासह खावें, हा उपदेश महाराष्ट्रास नवा नाहीं. १९३४ च्या डिसेंबरांत वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडींत त्याचें ठाणें होतें आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. हातसडीचा तांदूळ, हातानें दळलेलें पीठ, घाणीचें तेल आणि गूळ हीं त्याच्या कार्यक्रमाचीं प्रमुख कलमें होतीं. त्यांत आरोग्याचा विचार होता, तसाच दळण-कांडण करून पोट भरणाऱ्या गरीब बायकांची मजुरी यंत्रानें बुडविली, याची खंतहि होती. ही खंत खरी होती. परंतु जी बाई मजुरीकरितां नव्हे, तर घरच्या रामरगाड्यांत पहांटे उठून दळीत होती, तिच्या दृष्टीनें पिठाची गिरणी हा शाप नव्हता. हेमा राइरकर व गी पॉइटव्हॅं यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत काव्य पुष्कळ आहे; पण त्या वाचतांना काव्याबरोबर दुखणारे खांदे आणि अपुरी झोंपहि दिसल्यावांचून राहत नाहीं. जातें बंद पडलें, तेव्हां कोंडा गेला नाहीं. कारण गल्लींतील गिरणीहि अख्खा दाणाच दळते. गेले ते बाईचे श्रम. ते गेले, हें चांगलेंच झालें.

खुद्द गांधीजींनीं या बाबतींत जो धडा घातला, तो मात्र त्यांचे भक्त पुष्कळदां विसरतात. जोहान्सबर्ग येथें राहत असतां त्यांनीं बाजारच्या पावाऐवजीं घरच्या कणकेची रोटी करावयाचें ठरविलें. गिरणीचें पीठ नको, म्हणून सात पौंड देऊन लोखंडी हातचक्की विकत घेतली. ती चक्की फिरविणें एकट्याच्या शक्तीबाहेरचें होतें. दोघांना तें सहज जमे. आणि ते दोघे म्हणजे बहुतेक वेळां स्वतः गांधीजी व त्यांचे स्नेही पोलक हे होते. मुलेंहि मदतीस येत, कस्तुरबाहि कधीं कधीं हात लावीत. ज्यांस अखंड धान्याची ओढ होती, त्यांनींच चक्कीच्या खुंट्यास हात घातला. संकल्प एकाचा आणि कष्ट दुसऱ्याचे, असा व्यवहार तेथें नव्हता.

हा व्यवहार आजच्या शहरी घरांत कसा घडतो, हें पाहण्याकरितां पुण्यासारख्या शहरांतील एक घर डोळ्यांपुढें आणावें. सासरे निवृत्त झालेले, सासूबाईंचे गुडघे दुखणारे, मुलगा व सून दोघेंहि नोकरीस जाणारीं, दोन शाळकरी नातवंडें. सासऱ्यांची तपासणी होऊन रक्तांत साखर निघते. ते चार पुस्तकें वाचतात आणि रविवारीं जेवतांना जाहीर करतात, कीं उद्यांपासून घरांत पांढरा पदार्थ येणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं तांबडा तांदूळ येतो. तो भिजत घालावयाचें कोणास माहीत नसतें, म्हणून भात कचकचीत राहतो. नाचणीच्या भाकरी थापावयास सून पांच वाजतां उठते. मुलें डबा तसाच परत आणतात. नातवाचा उतरलेला चेहरा न पाहवून सासूबाई एका लहान पातेल्यांत गुपचूप पांढरा भात लावतात. आठ दिवसांत शेगडीवर दोन भात, दोन भाज्या आणि घरांत दोन पक्ष होतात. महिना संपण्यापूर्वीं सर्व कांहीं पूर्ववत् होतें. मागें राहतो तो फक्त एक अबोला.

अशा घरांत एक दिवस सून शांतपणें म्हणते, “मामंजी, कोंडा घरांत खुशाल येऊं द्या, पण त्याच्या पाठोपाठ जातें येऊं देऊं नका.”

“म्हणजे मग करावें काय, सूनबाई?” सासरे विचारतात.

“महिन्याला एकच पदार्थ बदलावा. आणि ज्यानें बदल सुचविला, त्यानें त्यांतलें एक तरी काम अंगावर घ्यावें.”

या दोन अटींत सर्व गृहशास्त्राचें सार आहे. त्या अटी ज्या घरानें मान्य केल्या, तेथें पुढील क्रम हळूहळू बसत जातो. पहिल्या महिन्यांत फक्त पीठ. गहूं घेऊन ते निवडावयाचें व दळण गिरणींतून आणावयाचें काम सासऱ्यांकडे येतें. पीठ एका वेळीं आठ-पंधरा दिवसांचेंच दळून आणावयाचें, म्हणजे खवट होण्याची भीति नाहीं. ज्यांच्या घरीं विजेची घरघंटी आहे, त्यांना तेवढाहि फेरा नको. पीठ बारीक चाळणीनें चाळून कोंडा फेंकण्याची संवय तेवढी सोडावयाची. खडा-काडी निघण्यापुरती मोठी चाळण पुरे. यांत पैसा लागत नाहीं व चवीचा धक्काहि बसत नाहीं.

दुसऱ्या महिन्यांत तांदूळ. घरांत एकदम सर्व तांबडा तांदूळ न आणतां तीन वाट्या नेहमींच्या तांदुळांत एक वाटी घालावी. तो एक वाटी तांदूळ निराळा कांहीं तास भिजवून, आधीं थोडा शिजवून मग दुसरा त्यांत मिसळावा. भिजत घालण्याचें काम रात्रीं जो शेवटीं दिवा मालवील, त्याचें. महिन्या-दोन महिन्यांनीं प्रमाण वाढवितां येतें. हातसडीचा म्हणून विकला जाणारा तांदूळ आज बहुधा यंत्रावरच तयार होतो, आणि त्यांत कांहीं बिघडत नाहीं; तूस काढून पापुद्रा राखला म्हणजे झालें. मुसळ घरांत आणण्याची गरज नाहीं. ज्यांना हा तांदूळ पचत नाहीं किंवा रुचत नाहीं, त्यांना उकडा तांदूळ ही मधली वाट आहे.

तिसऱ्या महिन्यांत भाकरी. देशावर ज्वारी-बाजरी आणि कोंकणांत नाचणी हीं परकीं धान्यें नव्हेत. पोळीच्या प्रतिष्ठेपुढें तीं मागें पडलीं. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हां पुष्कळ शहरी घरांना आजीच्या भाकरीची आठवण झाली. नाचणीच्या १०० ग्रॅमांत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो. घासलेल्या तांदुळांत तो नांवालाच. ज्यांस भाकरी थापतां येत नाहीं किंवा तेवढा वेळ नाहीं, त्यांनीं त्याच पिठाचीं धिरडीं घालावीं अथवा आंबील करावी. आठवड्यांत दोनदां भाकरी झाली, तरी तो मोठा लाभ समजावा.

पुढें उपासाचा डबा. साबुदाणा म्हणजे कंदांतून काढलेलें जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपासाच्या नांवाखालीं त्याची खिचडी भरपेट खाल्ली जाते. त्याच्या जागीं वरी किंवा राजगिरा आला, तर धर्म बुडत नाहीं. त्यानंतर पुड्यांची फळी. पुड्यावर घटकांची जी यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमानें देणें कायद्यानें आवश्यक आहे. पुड्यावर गव्हाच्या लोंबीचें चित्र असलें, तरी यादींत पहिलें नांव मैद्याचें असेल, तर ती वस्तु मैद्याचीच समजावी. पावाचा तपकिरी रंग पुष्कळदां जाळलेल्या साखरेचा असतो. ही यादी वाचण्याचें काम नातवंडांकडे द्यावें. तीं तें मोठ्या उत्साहानें करतात, आणि स्वतः वाचून नाकारलेली वस्तु मागून हट्ट करणें त्यांनाहि जड जातें.

येथें कांहीं गैरसमज दूर करणें अवश्य आहे. धान्यावर केलेला प्रत्येक संस्कार वाईट, असें मुळींच नाहीं. दळणें, भिजविणें, मोड आणणें, आंबविणें, उकडणें हे सर्व संस्कारच आहेत. कोंड्यांत फायटिक आम्ल असतें. तें लोह व जस्त यांना धरून ठेवतें आणि अंगीं लागूं देत नाहीं. कडधान्यांना मोड आणल्यानें आणि पीठ आंबविल्यानें त्याचें बंधन सैल होतें. मटकीची उसळ, आंबील, आंबोळी या पदार्थांमागें हें शहाणपण आहे. तसेंच गुळाचें. गूळ साखरेपेक्षां कमी शुद्ध केलेला असला, तरी तो मुख्यतः साखरच आहे. मधुमेह्यानें गुळाच्या नांवावर सूट घेऊं नये. तंतुमय अन्न एकाएकीं वाढविल्यास पोट फुगतें. म्हणून वाढ बेताबेतानें करावी व पाणी पुरेसें प्यावें. मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यांनीं आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारूनच आहार बदलावा. दांत पडलेल्या वृद्धांना आणि लहान बाळांना मऊ, पातळ अन्न लागतें. तत्त्वाच्या हट्टापायीं त्यांचे हाल करूं नयेत. आणि सणावारीं शुभ्र भाताची मूद वाढली, तर तिच्याकडे पापाच्या दृष्टीनें पाहण्याचें कारण नाहीं. ताटाची प्रकृति ठरते ती वर्षाच्या तीनशें दिवसांवरून, पांच-दहा सणांवरून नव्हे.

उदाहरणादाखल घेतलेल्या त्या घरांत पुढें चमत्कार घडला, असें सांगितल्यास तें खोटें ठरेल. सासऱ्यांची औषधें चालूच राहिलीं. परंतु वर्षाअखेरीस चुलीवर पुन्हा एकच भात शिजूं लागला आणि तो सर्वांच्या पानांत सारखा वाढला जाऊं लागला. ही सारखेपणाची गोष्ट लहान नव्हे. पुष्कळ घरांतून अजूनहि पथ्याचें, निवडक अन्न घरांतील पुरुषाकरितां शिजतें आणि बाई उरलेल्यावर भागविते. दिवसभर राबणाऱ्या त्या बाईच्या रक्तांतील लोहाचा विचार कोणी करीत नाहीं. अखंड धान्याचा लाभ व्हावयाचा, तर तो प्रथम तिला झाला पाहिजे.

जावांतील कोंबड्यांना ज्यानें बरें केलें, तो नवा स्वयंपाकी होता. त्याला शास्त्र ठाऊक नव्हतें, पण चूल त्याच्या ताब्यांत होती. घराचा आहार बदलावयाचा असेल, तर चूल ज्याच्या ताब्यांत आहे त्याचा विचार आधीं घेतला पाहिजे आणि त्याच्या ओझ्यास खांदा दिला पाहिजे. कोंडा दाण्याला चिकटून असतो, तसे श्रम अन्नाला चिकटून असतात. ते टाळतां येत नाहींत. वांटून मात्र घेतां येतात. ज्या श्रोत्यांना हा विषय पटला असेल, त्यांनीं उद्यां सकाळीं घरांतील मंडळींना उपदेश करूं नये. दळणाचा डबा स्वतः उचलावा आणि गिरणीची वाट धरावी. एवढा आरंभ पुष्कळ झाला.